साऊथ्स २००६: मालक नवे, संघ जुनाच

हजार मतांमागे आठ. साऊथ सिडनी रॅबिटोज, थोडक्यात साऊथ्स, या रग्बी लीग क्लबची मालकी सभासदांच्या हातून दोन माणसांकडे गेली ती एवढ्याशा फरकाने. १९ मार्च २००६ ला मतदान झालं. ठराव मंजूर व्हायला ७५ टक्के मतं बाजूने हवी होती, पडली ७५.८ टक्के. हजारात साडेसातशे लागत होती, सातशे अठ्ठावन्न मिळाली. हजारातल्या आठ-नऊ जणांचं मन आदल्या रात्री फिरलं असतं तर पुढचं सगळं घडलंच नसतं.

विकत घेणारे दोघे. एक रसेल क्रो, ऑस्कर मिळालेला नट. आपल्या वाचकांसाठी त्याची आणखी एक ओळख म्हणजे न्यूझीलंडच्या मार्टिन आणि जेफ क्रोचा चुलतभाऊ. जन्म न्यूझीलंडचा, पण लहानपणी सिडनीत आला आणि तेव्हापासून साऊथ्सचा. दुसरा पीटर होम्स अ कोर्ट, उद्योजक, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका गाजलेल्या धनाढ्य घराण्यातला. दोघांनी मिळून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे, त्याबदल्यात क्लबचा ७५ टक्के हिस्सा घ्यायचा, उरलेला २५ टक्के सभासदांकडे राहील, असा प्रस्ताव होता. तेव्हाच्या भावाने रक्कम दहा कोटी रुपयांच्या आसपास जाते. मुंबईत तेवढ्यात तेव्हाही फार मोठा बंगला आला नसता.

हे प्रकरण निवडलं ते एका प्रश्नासाठी. नवा मालक आला की पहिल्या हंगामात नेमकं काय बदलतं? आपल्याकडे आयपीएलमुळे समज असा झालाय की मालकाने पैसा ओतला, लिलावात चार नावं उचलली, की संघ उभा. साऊथ्सचा २००६ चा हंगाम या समजाला नीट सुरुंग लावतो.

आधी खेळ थोडक्यात

बॉम्बे जिमखान्यावर जे रग्बी चालतं ते युनियन, पंधरा जणांचं. लीग तेरा जणांचं. मुळात १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब वेगळे झाले ते पैशावरून. गिरणी-खाणीतले कामगार शनिवारी खेळायचे तेव्हा त्यांचा खाडा पडायचा, आणि तो खाडा भरून द्यायला वरच्या मंडळींची तयारी नव्हती. ऑस्ट्रेलियात हा खेळ रुजला तोही सिडनीच्या कामगार वस्त्यांत.

कबड्डी कळणाऱ्याला लीग समजायला दहा मिनिटं पुरतात. संघाकडे चेंडू आला की सहा वेळा पाडलं जाईपर्यंत तो त्यांचा. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्याला. म्हणजे मोजून सहा चढाया. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि अंगावर येणाऱ्या दोन-तीन जणांना घेऊन पुढे सरकायचं. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, चार गुण. वर किक बसली तर आणखी दोन. ऐंशी मिनिटं हेच. अंग जाम होईपर्यंत धडका.

विकायला काढलं होतं ते काय

ताळेबंदात साऊथ्सची किंमत फारशी नव्हती. खेळाडूंचे करार, काही प्रायोजक, आणि आटत चाललेली तिजोरी. तरी या विक्रीवरून सिडनीत घराघरांत भांडणं झाली, कारण हा क्लब एकदा लोकांनी रस्त्यावर उतरून परत मिळवला होता.

१९०८ साली रेडफर्नच्या टाऊन हॉलमध्ये क्लब स्थापन झाला. ऑस्ट्रेलियातली लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या संघांपैकी हा एक. रेडफर्न म्हणजे रेल्वेचे कारखाने, दाटीवाटीची घरं, आणि पुढे शहरातल्या आदिवासी समाजाचं मोठं केंद्र. ‘रॅबिटो’ ही तिथल्या गल्ल्यांत सशाचं मटण विकणाऱ्या फेरीवाल्यांची आरोळी, तेच संघाचं नाव पडलं. बोहारणीच्या हाळीवरून क्रिकेट क्लबचं नाव पडावं तसं. रंग लाल आणि गर्द हिरवा. १९७१ पर्यंत वीस विजेतेपदं, इतकी कुणाचीच नव्हती. १९७० च्या अंतिम सामन्यात कर्णधार जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच फुटला. तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि जिंकून गेला. रेडफर्नमध्ये ही गोष्ट आपल्याकडे पावनखिंड सांगतात तशी सांगितली जाते.

मग घसरण. पैसा, खेळाडू, वस्ती, सगळंच पातळ होत गेलं. नव्वदच्या दशकात रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज लिमिटेडने समांतर स्पर्धा काढली, दोन तट पडले, शेवटी १९९७ च्या अखेरीस तडजोड होऊन १९९८ ला एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग ही एकच स्पर्धा जन्माला आली. त्या तडजोडीत एक कलम होतं: २००० सालापासून संघ चौदाच. जागा वाचवायला बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एकत्र झाले, सेंट जॉर्ज आणि इलावरा एकत्र झाले. साऊथ्सने विलीन व्हायला नकार दिला. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांना स्पर्धेतून काढून टाकलं.

दोन वर्षं संघ मैदानाबाहेर. नोव्हेंबर २००० मध्ये रेडफर्नहून सिडनीच्या टाऊन हॉलवर मोर्चा निघाला तेव्हा सुमारे ऐंशी हजार माणसं होती. खेळाच्या क्लबासाठी. मोर्चाच्या पुढे जॉर्ज पिगिन्स, एकेकाळचे साऊथ्सचे पुढच्या फळीतले खमके खेळाडू (हूकर) आणि तेव्हाचे अध्यक्ष. त्याआधी १९९९ मध्ये कोर्टखर्चासाठी निधी गोळा होत होता तेव्हा एका लिलावात १९०८ च्या पहिल्या सामन्याची पितळी घंटा ४२,००० डॉलरना गेली. घेणारा रसेल क्रो. ही घंटा लक्षात ठेवा. सात वर्षांनी सभासदांपुढे तो आला तेव्हा ‘हा कोण उपरा’ असं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

जुलै २००१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने साऊथ्सच्या बाजूने निकाल दिला. २००२ ला संघ परतला. (२००३ मध्ये हायकोर्टाने, तिकडे हायकोर्ट म्हणजे सर्वोच्च न्यायालय, निकाल फिरवला. पण तोवर संघ मैदानात होता आणि त्याला पुन्हा बाहेर काढायची हिंमत कुणाला झाली नाही.)

परतले खरे, पण रिकाम्या खिशाने. दोन वर्षं बाहेर राहिलेल्या संघाला चांगला खेळाडू कशाला येईल? २००३ ला शेवटचा नंबर, २००४ ला शेवटचा नंबर. तळाच्या संघाला तिकडे ‘वूडन स्पून’ मिळाला म्हणतात, लाकडी चमचा. साऊथ्सकडे चमच्यांचा संच जमत आला होता.

पिगिन्स यांचं ‘नाही’

क्लब वाचवण्यासाठी कोर्टात गेलेले पिगिन्स विक्रीच्या ठाम विरोधात उभे राहिले. प्रकरण शिकवताना त्यांना हटवादी म्हातारा ठरवून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नये. त्यांचा मुद्दा साधा होता: ज्या क्लबासाठी लोक चालले तो लोकांचा आहे, आणि एकदा विकलेली वस्तू परत येत नाही.

हे वाचताना आपल्याला एखादी साखर कारखान्याची सभा आठवायला हरकत नाही. सभासदांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला कारखाना, थकलेली कर्जं, बंद पडलेली गाळपं. मग कुणीतरी येतो, म्हणतो, मी चालवतो, फक्त मालकी माझी. मंडपात एक बाजू म्हणते, आमच्या बापाने शेअर घेतला होता. दुसरी बाजू म्हणते, बापाने घेतलेल्या शेअरवर ऊस गाळला जात नाही. दोघंही खरं बोलत असतात. आपल्याकडच्या अशा विक्रींमध्ये सभासदाच्या हातात शेवटी बहुतेक वेळा काही उरत नाही.

साऊथ्सच्या व्यवहारात दोन गोष्टी वेगळ्या होत्या आणि माझ्या मते प्रकरणाचा कणा त्याच आहेत. पहिली, तीन चतुर्थांशाची अट. आपल्या कंपनी कायद्यातही विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं लागतात, तेच गणित. या अटीमुळे खरेदीदारांना वस्तीवस्तीत जाऊन समजावून सांगावं लागलं. एक्कावन्न टक्क्यांत काम भागलं असतं तर एवढी मेहनत कुणी घेतली नसती. दुसरी, राहिलेले २५ टक्के. सभासदांची वेगळी कंपनी आणि नव्या मालकांची कंपनी, अशी भागीदारी झाली. नव्या मालकांच्या कंपनीचं नाव ब्लॅककोर्ट. पाव हिस्सा म्हणजे घर चालवायला पुरेसा नाही, पण घरात आवाज ठेवायला पुरेसा.

पिगिन्स नंतर क्लबपासून दूर राहिले. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही.

हंगाम

आता मुद्द्याचं. मतदान १९ मार्चला झालं. २००६ चा हंगाम त्याच महिन्यात आधीच सुरू झाला होता. नवरीला माप ओलांडून आत आणलं तेव्हा स्वयंपाक चुलीवर होता, भाजी कुणीतरी चिरून ठेवली होती, मीठसुद्धा पडलं होतं.

खेळाडू वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेले. प्रशिक्षक शॉन मॅक्रे, इंग्लंडमध्ये सेंट हेलन्सला नाव कमावलेला, त्याचाही करार चालू. शिवाय एनआरएलमध्ये पगाराची कमाल मर्यादा असते. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर ठरलेल्या आकड्याच्या आतच खर्च करायचा. मालक अब्जाधीश असो की पानवाला, मर्यादा एकच. आणि ती केवळ कागदावर नसते. त्या वर्षी न्यूझीलंड वॉरियर्सला मर्यादा मोडल्याबद्दल चार गुण कापून हंगाम सुरू करावा लागला. पुढे २०१० मध्ये मेलबर्न स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदंच काढून घेतली गेली, कारण त्यांनी दोन हिशेबवह्या ठेवल्या होत्या. थोडक्यात, क्रोच्या खिशात कितीही असलं तरी मार्च २००६ मध्ये तो संघासाठी विकत घेऊ शकेल असं बाजारात फारसं काही नव्हतं.

निकाल तसाच लागला. चोवीस सामने, तीन विजय. पंधरा संघांत पंधरावे. चार गुण कापलेले वॉरियर्ससुद्धा त्यांच्या वर.

वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळालं: हॉलिवूडवाला आला आणि संघ पार बुडाला. मथळा चटकदार, निष्कर्ष चुकीचा. २००६ चा संघ हा २००४-०५ मध्ये घेतलेल्या निर्णयांचा संघ होता. मालक बदलल्यावर पहिल्या हंगामाचे गुण नव्या मालकाच्या प्रगतिपुस्तकात लिहायचे नसतात. ते जुन्या कारभाराचं उरलेलं उत्तरपत्र असतं. याची दुसरी बाजूही तेवढीच खरी, आणि ती मालकमंडळी सोयीने विसरतात: चांगला संघ आयता मिळालेला मालक पहिल्याच वर्षी चषक उंचावत असेल तर तोही त्याचा नसतो.

त्या हंगामातली एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. संपूर्ण एनआरएलमध्ये २००६ साली सर्वाधिक ट्राय कुणी केले? विजेत्या ब्रिस्बेनच्या कुणी नाही. साऊथ्सच्या नेथन मेरिटने, बावीस. तळाच्या संघाचा विंगर. आदिवासी समाजातला, किडकिडीत म्हणावा असा मुलगा. मधे दुसऱ्या क्लबाकडे जाऊन त्याच वर्षी परत आलेला. विंगरचं काम मैदानाच्या कडेला, टचलाइनला चिकटून. त्याच्यापर्यंत चेंडू यायला आत अकरा-बारा जणांनी आपापलं काम नीट करावं लागतं. जो संघ चोवीसपैकी एकवीस सामने हरतो तिथे चेंडू विंगपर्यंत पोचतो किती वेळा? जेव्हा पोचला तेव्हा मेरिटने कोपऱ्यात, झेंड्याच्या दांडीशी, एका हाताने का होईना, तो टेकवला. हिशेब करा: जवळजवळ प्रत्येक सामन्यात एक.

म्हणजे संघात कस होता. मधला भाग पोकळ होता. समोरच्याच्या धडका झेलणारे, मैदानाच्या मधोमध दहा-दहा मीटर ओढून नेणारे पुढच्या फळीतले गडी नव्हते. लीगमध्ये सामना तिथेच जिंकला जातो, टाळ्या मात्र विंगरला मिळतात.

पडद्यामागे

मैदानात हार चालू असताना मालकांनी जे केलं ते २००७ साठी. पीटर होम्स अ कोर्ट कार्यकारी अध्यक्ष म्हणून स्वतः दफ्तरात बसला. हौशी मालक आणि बसणारा मालक यातला फरक इथे दिसतो.

खरेदी बहुतेक त्या पोकळीतच झाली. बुलडॉग्जकडून रॉय असोतासी, न्यूझीलंडचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धडका देणारा गडी, २००४ च्या विजेत्या संघातला. मेलबर्नहून डेव्हिड किडवेल. क्रोनलाकडून अनुभवी नायजेल वगाना. पॅरामाटाकडून डीन विडर्स, आदिवासी समाजात मान असलेला खेळाडू, रेडफर्नच्या संघाला हवा तसा. तळाच्या क्लबात ही माणसं का आली? पगार तर मर्यादेतलाच. एखादा नट फोन करतो, घरी बोलावतो, शंभर वर्षांच्या क्लबाची गोष्ट सांगतो, त्याचा मोह असतोच. पगारमर्यादेच्या खेळात मालकाचं वलय हे चलन आहे आणि लेखापरीक्षक ते मोजू शकत नाही. क्रोने बाकी काही केलं नसतं आणि एवढंच केलं असतं तरी चाललं असतं असं मला वाटतं.

प्रशिक्षक बदलला. मॅक्रे गेला, जेसन टेलर आला. हाच टेलर २००६ मध्ये पॅरामाटाची धुरा अर्ध्या हंगामात हंगामी म्हणून हाती घेऊन त्यांना बाद फेरीत घेऊन गेला होता.

मग त्या गोष्टी ज्यांची तेव्हा चेष्टा झाली. खेळाडूंना सामन्याच्या दिवशी अर्मानीचे सूट. क्लबच्या जुन्या वैरांची एक वही तयार करून घेतली, कोणत्या संघाने कधी काय दुखवलं याची, सामन्याआधी खेळाडूंना वाचून दाखवायला. आणि चीअरलीडर्स बंद. कुटुंब घेऊन येणाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं असं मालकांचं म्हणणं होतं, त्यांच्या जागी ढोल-ड्रमवाले आले. ‘सूट घालून कुणी टॅकल करत नाही’ हे खरंच. पण तीन वेळा चमचा मिळालेल्या संघातला पोर बसमधून उतरतो तेव्हा लोक त्याच्याकडे कसे बघतात, आणि तो स्वतःकडे कसा बघतो, याचा काहीतरी हिशेब असतो. सूटचा फायदा किती झाला हे कुणीच सिद्ध करू शकणार नाही. मी तो शून्य धरणार नाही आणि फार मोठाही धरणार नाही.

सूटपेक्षा टिकाऊ गोष्ट २००६ मध्येच सुरू झाली, तिच्यावर मथळे कमी आले. ‘साऊथ्स केअर्स’ ही क्लबची समाजकार्याची संस्था. वस्तीतल्या, विशेषतः आदिवासी मुलांच्या शिक्षण-आरोग्य-रोजगारासाठी.

२००७

पहिल्याच सामन्यात शेजारी आणि जन्माचे वैरी सिडनी रूस्टर्सना हरवलं. अख्खा हंगाम मग वरखाली. किडवेल तर मैदानाबाहेरच गमावला: एका बार्बेक्यूच्या वेळी लहान मूल पायात आलं, तो अडखळला आणि गुडघ्याचे अस्थिबंध गेले. कुठल्याही नियोजनाच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

तरीही बारा जिंकले, बारा हरले. सोळा संघांत सातवे. पहिले आठ बाद फेरीत जातात, म्हणजे साऊथ्स १९८९ नंतर प्रथमच तिथे पोचले. तिथे मॅनलीने ३०-६ असं धुतलं आणि हंगाम संपला. तीनावरून बारा विजय ही एका वर्षातली झेप मोठी होती, आणि तिचं श्रेय मात्र नव्या कारभाराला द्यायलाच हवं. हे खेळाडू त्यांनी आणले, हा प्रशिक्षक त्यांनी निवडला.

जुगाराची यंत्रं

इथवर प्रकरण खेळाचं होतं. २००७ च्या शेवटी ते दुसरीकडेच वळलं, आणि मला वाटतं या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग हाच.

न्यू साऊथ वेल्समध्ये १९५६ पासून नोंदणीकृत क्लबांना ‘पोकी’ ठेवायची मुभा आहे. पोकी म्हणजे नाणं टाका, बटण दाबा, चित्रं फिरतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ‘व्हिडिओ गेम पार्लर’च्या पाटीमागे जे चालतं ते, फक्त तिकडे कायदेशीर, गालिच्यावर, आणि शेजारी स्वस्तात जेवण. जवळजवळ प्रत्येक लीग संघाच्या पाठीशी एक ‘लीग्ज क्लब’ असतो. संघ वेगळी संस्था, लीग्ज क्लब वेगळी. पोकीतून लीग्ज क्लबाला पैसा, त्यातून संघाला अनुदान. सिडनीतलं लीग अनेक दशकं याच नळावर वाढलं. शनिवारी ट्राय बघून आरडाओरडा करणारा माणूस गुरुवारी रात्री त्याच क्लबात बसून आपला पगार यंत्रात घालतो, आणि त्यातला काही भाग विंगरच्या पगारात जातो. चक्र पुरं.

साऊथ्सचा लीग्ज क्लब रेडफर्नच्या चाल्मर्स स्ट्रीटवर. इमारत जुनी, धंदा डळमळीत, नूतनीकरणाचा विषय निघालेला. क्रो आणि होम्स अ कोर्टने भूमिका घेतली: क्लब नवा करायचा तर पोकीशिवाय. शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी एका वस्तीत, ‘साऊथ्स केअर्स’चा फलक लावलेल्या संघाने शेजाऱ्याच्या पगारावर चालणारी यंत्रं ठेवायची नाहीत.

बाकीच्या क्लबांच्या भुवया उंचावल्या. त्यांचा युक्तिवादही बाजूला सारता येत नाही: गोव्यात मांडवीतले कॅसिनो बंद करा म्हणणाऱ्याला जसं विचारतात, ‘महसूल कुठून आणायचा?’, तसंच इथेही. ज्यांच्या खिशात नटाची पुण्याई नाही त्यांनी काय करायचं? श्रीमंत मालकाला नैतिकता परवडते, हा टोमणा बोचरा आहे आणि थोडा खराही. पण मालकीबदलाचा एक खरा उपयोग हाच असतो असं माझं मत. सभासदांनी चालवलेल्या मंडळाला, दर निवडणुकीला तोंड देताना, आपलाच नळ बंद करायचा विषय टेबलावर घेणंही जमलं नसतं. नवे लोक तो घेऊ शकले. विषय घेणं आणि तडीस नेणं यात अंतर असतं, ते वेगळं.

या प्रकरणाला नियतीने एक तिरकस शेपूट जोडलं. २०१४ च्या अखेरीस ब्लॅककोर्टमध्ये नवा भागीदार आला, जेम्स पॅकर. पॅकर घराणं, आणि क्राऊन कॅसिनो. पुढे माईक कॅनन-ब्रूक्स हा सॉफ्टवेअरवाला अब्जाधीशही भागीदार झाला. यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

पुढची सात वर्षं, झपाट्याने

२००८ ला पुन्हा घसरगुंडी, सोळांत चौदावे. त्याच वर्षी मे महिन्यात होम्स अ कोर्टने कार्यकारी जबाबदारी सोडली, भागीदारी ठेवली. २००७ ची झेप बघून ‘आता चषक आलाच’ म्हणणाऱ्यांना हे वर्ष चांगलं औषध होतं. २००९ अखेर टेलर गेला, जॉन लँग आला, २०१२ ला मायकेल मॅग्वायर. मधे ब्रॅडफर्डहून सॅम बर्जेस आला, त्याच्या मागोमाग भाऊ. मेलबर्नहून ग्रेग इंग्लिस.

५ ऑक्टोबर २०१४ ला अंतिम सामना. समोर कँटरबरी बुलडॉग्ज, प्रेक्षक ८३,८३३. पहिल्याच धडकेत बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो ऐंशी मिनिटं तसाच खेळला, सॅटलरसारखा, आणि सामनावीर ठरला. साऊथ्स ३०-६ ने जिंकले. मॅनलीने २००७ मध्ये त्यांना हरवलं होतं तोच आकडा, उलटा. १९७१ नंतरचं पहिलं विजेतेपद, एकविसावं.

मतदानापासून विजेतेपदापर्यंत साडेआठ वर्षं. तीन प्रशिक्षक आले-गेले, चौथ्याने जिंकून दिलं. मार्च २००६ मध्ये ‘हो’ म्हणणाऱ्या सभासदाला कुणी सांगितलं असतं की आधी शेवटचा नंबर, मग सातवा, मग पुन्हा चौदावा, आणि चषक २०१४ ला, तर ते ७५.८ टक्के तसेच राहिले असते का, याचं उत्तर मला देता येत नाही.

त्या रात्री दोन्ही विंगवर होते अ‍ॅलेक्स जॉन्स्टन आणि लोटे तुकीरी. जॉन्स्टन एकोणीस वर्षांचा, क्लबच्याच ज्युनियर फळीतून आलेला. नेथन मेरिट संघात नव्हता. तो अजून क्लबातच होता, तोपर्यंत साऊथ्सच्या इतिहासात सर्वाधिक ट्राय त्याच्याच नावावर जमा झाले होते, आणि ते त्याचं शेवटचं वर्ष होतं.